पहिलं बाळ घरी आल्यावर: वजन, विकास आणि लसींचा हिशेब कसा ठेवावा

दवाखान्यातून घरी येताना पिशवीत दुपटी, टोपडी, औषधांची चिठ्ठी, बिलं असं बरंच काही असतं. त्यातली एक वस्तू पुढची कितीतरी वर्षं लागणार आहे, ती म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणी नाव नोंदवलं तेव्हाच ते बहुतेकींना मिळालेलं असतं. आईच्या तपासण्या, बाळाच्या लसी, वजनाचा आलेख आणि कुठल्या वयात बाळाने काय करायला लागावं याची चित्रं, हे सगळं त्यात एका जागी असतं. खासगी रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर तिथली वेगळी फाइल मिळते. ती जरूर ठेवा, पण प्रत्येक लस या कार्डावरही लिहून घ्या.

खाली जन्मापासून शाळेपर्यंतचा क्रम दिला आहे. सगळं आजच पाठ करायची गरज नाही, त्या त्या वेळी तो तो भाग उघडा. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या: बाळाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करायची. जावेच्या किंवा शेजारणीच्या बाळाशी केलेल्या तुलनेतून काहीच कळत नाही, आईचा जीव मात्र टांगणीला लागतो.

पहिली पायरी: घरी निघण्याआधी नोंदी तपासा

कार्डावर जन्मवजन, लांबी आणि डोक्याचा घेर लिहिला आहे ना, ते बघा. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं आणि डोक्याचा घेर ३४ ते ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल तर त्याला कमी वजनाचं बाळ म्हणतात. अशा बाळाला ऊब, अंगावरचं दूध आणि तपासण्या या तिन्हींत जास्त जपावं लागतं.

जन्माच्या वेळच्या तीन लसी असतात. हिपॅटायटिस बी ची लस २४ तासांच्या आत द्यायची असते, कारण आईला हा संसर्ग असेल तर तो बाळंतपणात बाळाला लागू शकतो आणि उशिरा दिलेली लस तितकी उपयोगी पडत नाही. दुसरी क्षयरोगाविरुद्धची बीसीजी, डाव्या दंडावर. तिसरा पोलिओच्या थेंबांचा पहिला डोस. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, ती फुटते, थोडा पू येतो आणि मग व्रण राहतो. हे अपेक्षितच आहे. त्यावर हळद, मलम, पट्टी काहीही लावू नका. व्रण उठला नाही तरी लस पुन्हा घ्यावी लागत नाही.

आणखी दोन प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारा: थायरॉइडची रक्तचाचणी झाली का, आणि कानांची तपासणी झाली का? थायरॉइडची कमतरता जन्मतः असेल तर बाहेरून काही दिसत नाही आणि मेंदूच्या वाढीचे मोलाचे महिने हातचे जातात. वेळीच कळलं तर रोजच्या एका गोळीवर मूल व्यवस्थित वाढतं. ऐकण्याचंही तसंच आहे. तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू, असा जगभर पाळला जाणारा क्रम आहे. या दोन्ही तपासण्या सगळीकडे आपोआप होत नाहीत, म्हणून विचारायच्या.

दुसरी पायरी: पाचवी ते बारसं

पहिल्या काही दिवसांत वजन उतरतं. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते. त्याहून जास्त असेल तर दूध पुरेसं जात नाही असं समजून लगेच दाखवा. बारशाच्या सुमारास, म्हणजे दहा ते चौदा दिवसांत, बाळ जन्मवजनावर परत आलेलं हवं. दूध पुरतंय का, हे घरी ओळखायची सोपी खूण म्हणजे लंगोट. पहिला आठवडा संपेपर्यंत बाळ दिवसरात्रीत किमान सहा वेळा शू करायला लागतं. तेवढी होत असेल तर ‘दूध कमी पडतंय, वरचं द्या’ या सल्ल्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही.

या दिवसांत आशाताई घरी येतात. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात. या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिथले बालमृत्यू कसे घटले, हे १९९९ मध्ये जगासमोर मांडलं. पुढे तीच पद्धत देशभर आशांच्या कामात आली. तेव्हा ताई वजनाचा काटा आणि थर्मामीटर घेऊन दारात आल्या की ‘आमचे डॉक्टर आहेत’ म्हणून त्यांना परत पाठवू नका.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट न बघता रुग्णालय गाठा: बाळ दूध ओढत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त चाललाय, छाती आत ओढली जातेय, झटका आला, बाळ मलूल पडलंय. पहिल्या २४ तासांतली कावीळ, तसंच तळहात-तळपायांपर्यंत पोचलेला पिवळेपणा घरी कोवळ्या उन्हात धरून जात नाही.

घरातल्या रीतींबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. तेल लावून हलक्या हाताने मालीश करा, त्यात काही वावगं नाही. नाकाकानांत तेल मात्र सोडू नका. काजळात शिसं असू शकतं, ते डोळ्यांत नको. शेक-शेगडी आणि धुरी दिल्याने बाळाच्या फुप्फुसांत धूर जातो, ती बंदच करा. आणि गुटी, मध, साखरपाणी, ग्राइपवॉटर यांपैकी काहीही पहिल्या सहा महिन्यांत नको. अगदी उन्हाळ्यातसुद्धा पाणी लागत नाही, ते अंगावरच्या दुधातच असतं. मध तर वर्षभर टाळायचा. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आजीला हे सांगणं जड जातं, म्हणून तिलाच डॉक्टरांकडे सोबत न्या. तिच्यासमोर त्यांनी सांगितलं की घरात वाद होत नाही. थेंब द्यायचेच असतील तर डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे द्या, रोज ४०० युनिट.

तिसरी पायरी: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि सव्वा महिना झाला की सासरी जायची तयारी सुरू होते. दीड महिन्याची लसही नेमकी त्याच सुमाराला येते, सहा आठवडे पूर्ण झाल्यावर. माहेरच्या आरोग्यसेविकेच्या यादीत नाव असतं, बाळ निघून गेलेलं असतं आणि सासरच्या गावात अजून नोंद झालेली नसते. त्या गडबडीत लस हमखास लांबते. एक तर लस घेऊन मग निघा, नाहीतर पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत नाव घाला. लसीला गावाची हद्द नसते, कार्ड दाखवलं की कुठल्याही सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर कोयत्याबरोबर कार्डही बांधून न्यावं. कारखान्याच्या गावातसुद्धा लसीकरण सत्र भरतं.

दीड महिन्याला तीन टोचण्या आणि दोन तोंडावाटे द्यायच्या लसी असतात. टोचण्यांपैकी पेंटाव्हॅलंट घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (न्यूमोनिया व मेंदूज्वर करणारा जंतू) या पाच रोगांपासून वाचवते, पीसीव्ही न्यूमोनियासाठी आणि दंडावरची आयपीव्ही पोलिओसाठी असते. तोंडावाटे पोलिओचे थेंब आणि जुलाबाविरुद्धची रोटाव्हायरस लस. अडीच महिन्यांना पेंटा, पोलिओचे थेंब आणि रोटा. साडेतीन महिन्यांना पुन्हा दीड महिन्याच्या पाचही.

लसीनंतर अर्धा तास केंद्रातच थांबा. त्या रात्री ताप येईल, मांडी दुखेल, बाळ किरकिर करेल. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं, म्हणून तिथेच विचारून कार्डावर लिहून घ्या. इथे एक मोठा धोका आहे. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, थेंबांत ती कितीतरी पट जास्त. सिरपचं माप लावून थेंब दिले तर यकृताला इजा होऊ शकते. बाटली बदलली की प्रमाण पुन्हा विचारायचं. सुईच्या जागी शेकू किंवा चोळू नका. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर दाखवा.

साधी सर्दी, खोकला, बारीक ताप ही लस टाळायची कारणं नाहीत. तारीख चुकली म्हणून मालिका पहिल्यापासूनही घ्यावी लागत नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे चालू होते. उशीर झाला म्हणून ताई रागावतील या भीतीने काहीजणी केंद्रात जातच नाहीत. कृपा करून तसं करू नका.

चौथी पायरी: वजनाचा आलेख वाचायला शिका

माझ्या मते नव्या आईबाबांनी शिकावं असं सगळ्यांत उपयोगाचं कौशल्य हेच आहे, आणि तेच कोणी नीट शिकवत नाही. कार्डात मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा आलेख असतो. आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर वजन. दर महिन्याला एक टिंब द्यायचं आणि मागच्या टिंबाला जोडायचं. त्यावरचे वक्र जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिले. ते करताना सहा देशांतल्या बाळांची मोजमापं घेतली होती आणि त्यांत दिल्लीची बाळंही होती. त्यामुळे ‘हे परदेशी मापं, आपली मुलं लहानच असतात’ हे म्हणणं टिकत नाही.

मधली रेषा म्हणजे पास होण्याची रेषा नव्हे. वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो आणि मुलीचं ८.९ किलो आहे, पण ७.७ किलोचा मुलगा किंवा ७ किलोची मुलगीही अजून अपेक्षित पट्ट्यातच असते. २.६ किलोने जन्मलेलं बाळ खालच्या वक्राला समांतर चढत असेल, हसत-खेळत असेल, तर ते ठणठणीत आहे. काळजी करायची ती रेषा आडवी झाली किंवा खाली वळली तर. वरच्या पट्ट्यातलं गुटगुटीत बाळ तीन महिने एकाच वजनावर अडकलं, तर ते सतत खालच्या पट्ट्यात चढणाऱ्या बाळापेक्षा जास्त चिंतेचं आहे. लोक मात्र उलट बघतात. बारीक बाळाला बघून हळहळतात आणि गुटगुटीत बाळाकडे कोणी लक्षच देत नाही.

ढोबळ हिशेब असा: पहिल्या तीन महिन्यांत रोज २५ ते ३० ग्रॅम, पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट. म्हणजे दुसऱ्या वर्षी वजन वर्षभरात दोन-अडीच किलोच वाढतं. भूकही त्या मानाने कमी होते. ‘आधी छान खायचा, आता खातच नाही’ ही तक्रार बहुतेक घरांत नेमकी याच वयात सुरू होते. आलेख चढता असेल तर टॉनिक नको, मोबाइल दाखवून भरवणं नको आणि मारून-मुटकून घास कोंबणं तर नकोच.

वजन शक्यतो एकाच काट्यावर, कपडे काढून आणि काटा शून्यावर आणून करा. लांबी दोन वर्षांपर्यंत झोपवून मोजतात, नंतर उभं करून. त्या बदलात उंची साधारण पाऊण सेंटिमीटर कमी दिसते, त्याने घाबरू नका. सहा महिन्यांनंतर अंगणवाडीत दंडघेराची पट्टीही लावतात. ११.५ सेंटिमीटरखाली असेल तर ते तीव्र कुपोषण, ताई त्यालाच ‘सॅम’ म्हणतात. ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम कुपोषण, ‘मॅम’. हे शब्द ऐकून अपमान वाटून घेऊ नका. बाळाला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं तर आवर्जून जा, तिथे आहार आणि उपचार दोन्ही मिळतात.

पाचवी पायरी: उष्टावण, आणि त्यानंतरचं रोजचं ताट

सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करायचं. उष्टावणाच्या दिवशी सगळ्यांनी एकेक चमचा खीर भरवली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फक्त दूध, असं पुष्कळ घरांत होतं. रोज दोन-तीन वेळा दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. मऊ मुगाची खिचडी, तूप घालून घट्ट वरणभात, नाचणीचं सत्व, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा किंवा रताळं. पुढे अंड्याचा बलक, बारीक केलेली मासळी. चमच्यावरून ओघळून जाईल इतकं पातळ नको. वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरतं, वजन वाढत नाही. मीठ आणि साखर वर्षापर्यंत नको. अंगावर पाजणं दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवा.

सहा महिन्यांनंतर लोह कमी पडायला लागतं, म्हणून आशाताई लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली. शी काळी होते, ते चालतं. चहात बुडवलेली बिस्किटं आणि चहा-पोळी मात्र कृपया बंद करा. चहामुळे लोह अंगी लागत नाही आणि बिस्किटांनी भूक मरते.

बोरन्हाणाबद्दल एक विनंती. चुरमुरे, बोरं, शेंगदाणे, हलवा डोक्यावरून ओतताना सगळे हसत असतात आणि बाळ एक दाणा तोंडात टाकतं. असे कडक, गोल पदार्थ श्वासनलिकेत अडकतात. सोहळा करा, पण बाळाजवळ एक माणूस फक्त त्याच्या हाताकडे बघणारा ठेवा.

सहावी पायरी: विकासाचे टप्पे

इथे तारखा नसतात, पल्ले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात निरोगी बाळं आधाराशिवाय बसायला लागली ती साधारण ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान, आणि एकटी चालायला लागली ती ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारं आणि सोळाव्या महिन्यात चालणारं, दोन्ही बाळं निरोगी असू शकतात. काही बाळं तर रांगतच नाहीत, थेट धरून उभी राहतात. पांगुळगाडा मात्र नको. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट पडतं, चुलीपाशी किंवा जिन्यापाशी पोचतं.

साधारण क्रम असा: दोन महिन्यांच्या आसपास आईकडे बघून हसणं, चौथ्या महिन्यापर्यंत मान धरणं, मग पालथं पडणं, बसणं, नवव्या महिन्याच्या सुमारास चिमटीत दाणा उचलणं, नावाने हाक मारली की वळणं, टाटा करणं, वर्षाच्या आसपास ‘आई’, ‘बाबा’, ‘दुदू’ असा अर्थ असलेला एखादा शब्द.

थांबायचं नाही ते कधी, हे जास्त महत्त्वाचं. तीन महिन्यांपर्यंत हसत नाही. पाच महिने झाले तरी मान सावरत नाही. दहाव्या महिन्यापर्यंत बसत नाही. वर्षापर्यंत बोबडे आवाज नाहीत, बोटाने काही दाखवत नाही, हाकेला बघत नाही. दीड वर्षाला चालत नाही किंवा एकही शब्द नाही. दोन वर्षांना ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात, येत असलेली गोष्ट यायची थांबली. ‘याचे बाबापण उशिराच बोलले’ हे वाक्य या प्रत्येक वेळी घरात कोणीतरी म्हणतंच. बाबा बोलले असतीलही, पण तपासणीने काही बिघडत नाही आणि उपचारांना उशीर झाला तर ते नुकसान पुढे भरून काढणं अवघड असतं. बोलणं उशिरा असेल तर सर्वांत आधी कान तपासून घ्या.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचं वय वेगळं मोजतात. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाकडून आठव्या महिन्यात सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांपर्यंत असं धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

शंका आली तर जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतात. या कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधून झाली. तिथून मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तपासणी, वाचा-उपचार, व्यायाम-उपचार तिथे मोफत मिळतात. तुम्ही स्वतःही तिथे जाऊ शकता.

सातवी पायरी: नऊ महिने आणि दीड वर्ष

साडेतीन महिन्यांनंतर लसींना मोठी सुट्टी असते, म्हणून नवव्या महिन्याची तारीख विसरली जाते. मोबाइलवर आजच गजर लावून ठेवा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर (संरक्षण टिकवणारा जादा डोस), आयपीव्हीचा तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. काही जिल्ह्यांत मेंदूज्वराची लसही असते. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टर. अ जीवनसत्त्व पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी.

गोवराचा दुसरा डोस सर्वांत जास्त चुकतो, कारण तोवर मूल धावायला लागलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, मालेगावात आणि भिवंडीत गोवराची साथ आली. लस न घेतलेली, अर्धवट घेतलेली कितीतरी मुलं तेव्हा आजारी पडली, काही दगावली. गोवर म्हणजे देवीचा कोप नव्हे. तो न्यूमोनियाकडे नेणारा विषाणू आहे आणि दोन डोसांनी तो टळतो.

फ्लू, टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए या लसी बालरोगतज्ज्ञ खासगीत सुचवतात. परवडत असतील तर घ्या. नसतील तर सरकारी यादी वेळेवर पूर्ण करणं पहिलं, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

आठवी पायरी: दोन ते पाच वर्षं

वजन-उंची दर तीन-चार महिन्यांनी. वर्ष पूर्ण झालेल्या मुलांना फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिन असतो तेव्हा अंगणवाडीत गोळी मिळते, दोन वर्षांच्या आत अर्धी, पुढे पूर्ण. ती कुस्करून, पाण्यासोबत द्यायची. पहिला दात दिसल्यापासून दात घासायचे, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. दुधाचे वीस दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात, आणि जुलाब दातांमुळे होत नाहीत. जुलाब झाले तर ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक, तेही जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस. दोन वर्षांपर्यंत मोबाइल-टीव्ही अजिबात नको, त्यापुढे दिवसाला तासाभराच्या आत.

शाळेत नाव घालण्याआधी डोळे एकदा तपासून घ्या. एका डोळ्याची नजर कमी असेल तर मूल तक्रार करत नाही, दुसऱ्या डोळ्याने भागवतं, आणि मोठेपणी तो डोळा सुधारणं अवघड होतं. ५ ते ६ वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर, मग १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस. पहिलीच्या प्रवेशासाठी कार्डाची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड घरीच ठेवा.